उत्क्रांतीचा धडा आणि क्षयाचे औषध

मा. संपादक,

एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला त्याचे समर्थन करणारे पत्र आपल्या पानावर वाचले. उत्क्रांती म्हणजे जीवाश्मांचा इतिहास, तिचा व्यवहाराशी संबंध नाही, हा त्यातील मुद्दा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाशी झगडणाऱ्या मुंबईत तरी कोणी मांडू नये.

पेशीत प्रथिने तयार होताना योग्य अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रापर्यंत, आणून देतो तो ट्रान्स्फर आरएनए. हा रेणू जनुकावरून उतरला की लगेच कामाला लागतो असे नाही. निरनिराळी विकरे (एन्झाइम) त्याच्या ठरावीक जागी रासायनिक बदल करतात. जिवाणूंमधील टीआरएमडी हे त्यांपैकीच एक. जनुकाच्या संदेशाची तीन अक्षरे वाचणाऱ्या भागाला लागूनच, ३७व्या जागेवरच्या ग्वानिन या अक्षरावर ते मिथाइल हा छोटा रासायनिक गट चढवते. तो नसला की वाचन एका अक्षराने घसरू शकते, आणि मग पुढचे सगळे प्रथिन बिघडते. आपल्या पेशींनाही त्याच जागी तोच गट लागतो. परंतु तो बसवणारे आपले टीआरएम-५ हे विकर टीआरएमडीशी दूरचेही नाते सांगत नाही. टीआरएमडीच्या प्रथिनसाखळीला चक्क गाठ बसलेली असते, आपल्या विकरात ती नाही. एकच काम उत्क्रांतीने दोनदा, स्वतंत्रपणे साधले, म्हणूनच आपल्या विकराला धक्का न लावता टीआरएमडी बंद पाडणारे औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. क्षयाच्या जिवाणूतही टीआरएमडी आहे. असे औषध अजून बाजारात आलेले नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

दुसरे उदाहरण जनुकसंपादनाचे. ई. कोलाय जिवाणूतील टॅड-ए हे विकर ट्रान्स्फर आरएनएमधील अ‍ॅडेनोसिन या एका अक्षराचे इनोसिन हे वेगळे अक्षर करते. डीएनएशी त्याला कर्तव्य नव्हते. डेव्हिड लिऊ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुक मुद्दाम बिघडवून जिवाणूंत घातले आणि डीएनएतील ती चूक दुरुस्त करू शकणारे उत्परिवर्तित टॅड-ए ज्यांच्यापाशी होते तेवढेच जिवाणू जगू दिले. उत्क्रांतीच्याच तत्त्वावरच्या या निवडीतून घडलेले जनुकसंपादनाचे साधन २०१७ मध्ये जाहीर झाले, आणि २०२५ मध्ये त्याच घराण्यातल्या साधनाने अमेरिकेतील एका तान्ह्या बाळाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारावर उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले. याला व्यवहार म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. ते तसेच ठेवावे, आणि मुंबईतील केंद्रीय मंडळाच्या शाळांनी दोन तास काढून तेच आपल्या मुलांना शिकवावे.

— एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापक, परळ, मुंबई