या वेळी जेवण बाहेर : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई, तू "बघू गं, पुढचं पुढे" म्हणतेस आणि बाबा फोन तुझ्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघं एका जागी बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आईला चष्मा शोधत फिरावं लागणार नाही.

तर, तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण या वेळी घरी नाही, हॉटेलात. टेबल सांगून ठेवलंय, आगाऊ रक्कम भरलीय, दादा-वहिनींना पसंत आहे आणि पोरं ऐकल्यापासून नाचताहेत. तुम्हाला आधी विचारलं नाही याचा राग मानू नका. विचारलं असतं तर आई, तू त्याच संध्याकाळी माळ्यावरची मोठी पातेली काढायला लावली असतीस आणि बाबा स्टुलावर चढले असते. त्या स्टुलावर आता कुणीही चढायचं नाही, हे मागच्या वेळीच ठरलंय.

"घरचं ते घरचं" असं तू म्हणणार, मला ठाऊक आहे. मीही तेच म्हणते. पण गुडघ्यांना पट्टे बांधून इतक्या माणसांचा स्वैपाक करायचा, सगळ्यांचं आटोपेपर्यंत वाढत राहायचं आणि शेवटी स्वतः गार झालेलं जेवायचं, हे मी किती वर्षं बघतेय. वाढदिवस तुझा आणि त्या दिवशी सगळ्यात शेवटी जेवणारीही तूच. या वेळी तू सगळ्यांच्या आधी, बसून, गरमगरम खायचंस. मुख्य कारण एवढंच आहे. बाकीची पुढे सांगते, पण ती नसती तरी मी हेच ठरवलं असतं.

आणि हॉटेल काही डोळे मिटून निवडलेलं नाही. अख्खी दुपार त्यासाठी दिलीय. बरोबर कोण होतं सांगू? आपली चष्मेवाली. जिला बाबा परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्री कॉफी करून द्यायचे, तीच. आता ती हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे, दिवसभर हृदयाचे आणि रक्तदाबाचे पेशंट बघते. मी नुसतं बोलून दाखवलं, तर तिने स्वतःहून रजा टाकली. म्हणाली, "काकांसाठी जागा बघायचीय ना, मग मी येणारच." तुम्हा दोघांना तिने नमस्कार सांगितलाय.

आम्ही एकामागून एक हॉटेलं पालथी घातली. पोटं बिघडवून घेतली नाहीत, ते आधी सांगते. तिची पद्धत फार शिस्तीची. निघताना थोडं खाऊनच निघायचं, कारण पोटात कावळे ओरडत असले की पहिलं जे समोर येईल ते अमृत वाटतं आणि पारख होत नाही. प्रत्येक ठिकाणी एकच लहान प्लेट, दोघींत मिळून, तीही चवीपुरती. आधी सौम्य, मग मसालेदार, गोड अगदी शेवटी. मधे पाणी, आणि एका हॉटेलातून दुसऱ्यात चालत जायचं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून ती मला कुठेच घाई करू देत नव्हती. उरलेलं सगळं बांधून घेतलं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही म्हणून मधेच तिच्या घरी जाऊन फ्रीजमध्ये ठेवून आलो. आई, ताटात टाकलेलं तुला चालत नाही, ते अजून अंगात आहे माझ्या.

बाबा, ही पुढची गोष्ट तुमच्यासाठी. मला वाटत होतं की इतकं वेगवेगळं खाल्ल्यावर जीभ कंटाळेल. ती म्हणाली, जीभ कंटाळते ती त्याच त्या चवीला. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगातून दाखवलं होतं. एखादा पदार्थ भरपूर खाल्ला की त्याची गोडी उतरते, पण जो खाल्लेलाच नाही त्याची तितकी उतरत नाही. "आता घासभरही नको" म्हणणारे तुम्ही गोडाची वाटी कधी परत का करत नाही, ते आज कळलं. म्हणून तिचा नियम असा की मत द्यायचं ते पहिल्या दोन-तीन घासांवर. घास संपला की ती वही उघडून लिहायची, माझं बोलून होईपर्यंत वहीवर हात ठेवून बसायची आणि मग दाखवायची. तुम्ही गणितं तपासायचात ना, पाठीमागचं उत्तर हाताने झाकून, तसंच अगदी. मला एकदम चौथीत असल्यासारखं वाटलं.

एका ठिकाणी तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा ग्लास उचलला, तर तिने तो बाजूला करून दही पुढे केलं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातलं केसीन नावाचं प्रथिन मात्र त्याला धरून बाहेर नेतं. आणि तिखट ही मुळात चवच नाही! उष्णता ओळखणारे जे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आपल्या मज्जातंतूंवर असतात, त्यांनाच ते चाळवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं. तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. हे मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहून आणलंय. ते हॉटेल अर्थातच यादीतून गेलं.

बाकीची का गेली तेही सांगते, म्हणजे "अमुक का नाही बघितलंस" असं होणार नाही. एका ठिकाणचं जेवण सगळ्यात उत्तम होतं, पण आत शिरायला उंच पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. दुसरीकडे गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की समोरासमोर बसून आम्ही ओरडत होतो. बाबा, तुमच्या कानातल्या यंत्राला तिथे सगळ्यांचा मिळून एकच गलका ऐकू आला असता आणि तुम्ही नुसते हसून मान डोलावत बसला असतात. मला ते बघवत नाही. शिवाय गोंगाटात मीठ आणि साखर दोन्ही जिभेला कमी जाणवतात, म्हणजे माणूस वरून आणखी मीठ मागतो. तिसऱ्याच्या मॅनेजरला विचारलं की मीठ कमी घालून मिळेल का, तर म्हणाले, मसाला आधीच वाटून तयार असतो, काही करता येत नाही. खरं बोलले हे बरं झालं. चष्मेवालीने तिथे पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

जे ठरलंय त्याचं सविस्तर ऐका. ते तळमजल्यावर आहे. गाडी दारापर्यंत जाते. खुर्च्यांना हात आहेत, त्या डगमगत नाहीत आणि फार खोलही नाहीत. मी स्वतः बसून, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठून बघितलं, मग चष्मेवालीला बसवलं आणि पुन्हा मी बसले. वेटर बघत होता, बघू दे. टेबलावर उजेड भरपूर आहे. पंख्याचा झोत थेट मानेवर येणार नाही अशी कोपऱ्यातली जागा मागून घेतलीय. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे, कमोड आहे, शेजारी धरायला दांडी आहे, फरशी कोरडी होती. दाराची कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडते, तेही पाहिलं. आई, तुला मधेच पाय पसरायचे झाले तर एक बाकही आहे भिंतीशी.

आणि तिथले मुख्य आचारी स्वतः बाहेर येऊन बोलले. मीठ ते शेवटी घालतात, सांगाल तितकंच. मी विचारलं, मग बेचव नाही का लागणार? तर त्यांनी एका वाटीत टोमॅटो आणि मशरूमचं सूप आणून दिलं. नुसतं चाखा म्हणाले. इतकं भरलेलं, गोल लागलं की मी मीठ विसरलेच. चष्मेवाली म्हणाली, ही उमामीची करामत. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये ही चव वेगळी ओळखली. पिकलेल्या टोमॅटोत आणि मशरूममध्ये ती मुळातच असते, त्यामुळे कमी मिठातही पदार्थ भरल्यासारखा लागतो. बाबांचं सगळं जेवण त्याच हिशोबाने होणार आहे, मऊ आणि दातांना त्रास न देणारं.

आई, आता जे लिहितेय ते कसं लिहावं हे मला खरंच कळत नाहीये. तुझ्या हातची चव मी जगात कुठे शोधत नाही, कारण ती मिळणार नाही. शाळेतून आल्यावर तू पळीतला थेंब आधी स्वतःच्या तळहातावर टाकून चाखायचीस, मग माझ्या तळहातावर टाकायचीस आणि विचारायचीस, "बघ गं, काय कमी आहे?" मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. यंदा आले तेव्हा तू तशीच चाखत होतीस, आणि मग आणखी एक चिमूट घातलीस. पुन्हा चाखलंस, पुन्हा घातलीस. बाबांनी काही न बोलता पाण्याचे दोन पेले संपवले आणि "झकास" म्हणाले. ते तुला कधीच सांगणार नाहीत.

यात तुझं काही चुकत नाहीये. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो, तेव्हा चव पुरी होते. साठीनंतर बहुतेकांचं नाक हळूहळू मंद होत जातं, आणि मग मीठ पुरेसं असूनही पदार्थ अळणी वाटतो. हे सगळ्यांचंच होतं, माझंही होणार. पण बाबांचा रक्तदाब गेल्या दोन्ही वेळी वर निघालाय. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा पुरता नाही, आणि त्यात सगळंच आलं, वरून घेतलेलंही.

म्हणून एवढं कर. हाताच्या अंदाजाने मीठ घालणं सोड आणि छोटा मोजमापाचा चमचा वापर. किती भाजीला किती, हे चष्मेवाली तुला फोनवर सांगेल, मी तिला तुझा नंबर दिलाय. चाखून कमी वाटलं तरी वाढवू नकोस, लिंबू पीळ, जिरं भाजून घाल, वास वाढव. सुरुवातीला फिकं लागेल, काही आठवड्यांत जीभ वळणावर येते. आणि शेजारच्यांनी सांगितलं म्हणून ते कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

बाबा, तुम्हीही सुटलेला नाही. रक्तदाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, आणि मोजताना बोलायचं नाही, बातम्यांवर तर मुळीच नाही. वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी सकाळची गोळी नेहमीच्या वेळेला घ्यायची, "आज बाहेर जायचंय" म्हणून पुढे ढकलायची नाही. आणि जेवण झाल्या झाल्या ताडकन उठायचं नाही. भरपूर जेवणानंतर वय झालेल्यांचा रक्तदाब कधीकधी एकदम उतरतो आणि भोवळ येते. म्हणून आम्ही मोठं ताट न सांगता थोडं थोडं वेळाने आणायला सांगितलंय. गप्पा मारा, अर्धा तास बसा, मग दादाचा हात धरून उठा. त्याचा हात धरण्यात कमीपणा नाही.

आई, घरून डबा करून आणायचा नाही. एक वाटीसुद्धा नाही. तुला चैन पडणार नाही हे कळतं मला, म्हणून एक काम तुझ्यासाठी राखून ठेवलंय. आचारी म्हणाले, आदल्या दिवशी कुणी येऊन चव बघून गेलं तर बरं. मी तुला घेऊन जाईन. तू नाकारलेलं ताटात येणार नाही, तू म्हणशील तसंच होईल. फक्त मीठ सोडून.

बाबांची कवळी सैल झालीय, ती याच आठवड्यात दाखवून घ्या. रविवारी रक्तदाबाच्या वहीचं पान फोटो काढून पाठवा. मी आदल्या दिवशी सकाळी पोचतेय, स्टेशनवर कुणी यायचं नाही.

तुमची लेक

ता. क. आगाऊ रक्कम किती भरली हे दादाला विचारू नका, त्यालाही सांगितलेलं नाही.