आईचं जुनं मॅटर

नौपाडा, ठाणे
१८ जानेवारी २०२६

प्रिय शुभा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हं, हं’ करत कुकरच्या शिट्ट्या मोजत असतेस, आणि हे अर्ध्या कानाने ऐकायचं प्रकरण नाही. म्हणून पत्र. तब्येती ठीक आहेत. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा होळीनंतर. माझी मान आहे तशीच आहे.

तर, घरच्या पीसीवर विंडोज काढून लिनक्स घातलं, ती फुकट मिळणारी सिस्टिम. हसून घे. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

चरईचे गार्डकाका आठवतात ना? पांढरा लेंगा, काखेत फुलस्केपची चळत, आणि दारातूनच ‘वहिनी, आज कर्जतच्या पुढचं आणलंय’. त्यांची नात दिवाळीनंतर येऊन गेली. आईचा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावून द्यायचा धंदा होता तेव्हा काकांच्या रेल्वेच्या आठवणींच्या प्रती तिनेच काढून दिल्या होत्या. त्या पाहुण्यारावळ्यांत वाटल्या गेल्या, राहिल्या त्या घर बदलताना गेल्या. आता त्यांच्याकडे एकही नाही. ‘आजी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना?’ आईने एका दमात सांगून टाकलं, ‘आहे तर! मी कुणाचं मॅटर पुसत नाही.’ आणि ती मुलगी इतक्या खुशीत गेली की मला जेवण गेलं नाही. मॅटर, म्हणजे टाइप केलेला मजकूर, असणं वेगळं आणि उघडणं वेगळं, हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला कळणार?

पीसी तोच, २०१४ला विंडोज एक्सपी बंद झाली तेव्हा स्टेशनजवळून असेंबल करून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. विंडोज १०ची मुदत गेल्या १४ ऑक्टोबरला संपली. ११ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. दुकानदार म्हणाला, मॅडम, नवीनच घ्या. धडधाकट मशीन भंगारात का घालायचं? मला त्याचा फार राग आला, आणि त्या रागातच तुझा उबुंटू आठवला, लिनक्सचाच एक अवतार. २००६ला आपण फुकट मागवलेल्या सीड्या, परदेशी शिक्क्याचं पाकीट, आणि तू ते छातीशी धरून अख्ख्या गोखले रोडवरून मिरवलेलीस.

या वेळी लिनक्सचाच दुसरा अवतार, मिंट घेतलं, २२. उबुंटू २४.०४वरच उभं आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळणार. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही. हे तू मला तेव्हाच सीडीवर दाखवलं होतंस, फक्त तेव्हा डेस्कटॉप उघडेपर्यंत तळावपाळीला एक चक्कर मारून व्हायची. वायफाय, आवाज, सगळं चाललं. प्रिंटर जोडला तर त्याने तो आपणहून ओळखला. मग जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी एसएसडी बसवली आणि तिच्यावर मिंट टाकलं. मशीन आता असं चालू होतं की आई म्हणते, आधी काय झोपा काढत होतं?

आता आईच्या मॅटरचं. ते दोन काळांतलं आहे. लॉकवालं पॅकेज (मराठी टायपिंगचं, कॉम्प्युटरमागे ते लॉक खोचल्याशिवाय न चालणारं) घेतल्यानंतरचं सगळं जुन्या डिस्कवर होतं. ती मिंटला जोडली तर ‘फक्त वाचता येईल’ म्हणाला, कारण विंडोज नीट बंद झाली नव्हती, अर्धवट झोपली होती. मला तेच हवं होतं. फाँटच्या फोल्डरातून त्या पॅकेजचे सगळे फाँट उचलून इकडे घातले आणि पत्रिका, अहवाल, सोसायटीच्या नोटिसा पडद्यावर जशाच्या तशा. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलीसुद्धा मिंटमधल्या लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडतात, चौकटी जरा सरकतात एवढंच. पाचपाखाडीची ती पत्रिकाही सापडली, शुभाताई! ‘आहेर स्वीकारला जाणार’. पुढचा ‘नाही’ तू खाल्लेला. बटर पेपरवर आईच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर मुलीच्या बापाची शोभाच झाली असती. पीडीएफ करून ठेवलीय, तुझ्या लेकीच्या लग्नात वाचून दाखवणार.

गार्डकाकांचं मात्र लॉकच्या आधीचं. तुझ्या अक्षरात ‘मॅटर ९८-९९’ लिहिलेली सीडी निघाली. तिचा वर्ख दोन ठिकाणी उडालाय. डीडीरेस्क्यू नावाची आज्ञा आहे. ती आधी जेवढं सरळ वाचता येतं तेवढं उचलते, अडलेल्या जागा टिपून ठेवते आणि मग त्याच जागांवर पुन्हा पुन्हा जाते. मधे थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू. रात्रभर ड्राइव्ह कण्हत होता, आई दोनदा उठून बघून गेली. सकाळी गार्डकाकांची फाइल पूर्ण मिळाली होती. उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं यांची पानंच्या पानं. प्रत्येक ओळीखाली लाल नागमोडी रेघ. वर फाँटचं नाव तिरक्या अक्षरात, म्हणजे तो फाँट मशीनवर नाही. तो कुठेच नाही. फ्लॉपीवर आला होता, फ्लॉपीबरोबर गेला.

तू म्हणशील त्यात नवल काय. त्या काळी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी असली तरी नौपाड्यापर्यंत पोचली नव्हती. फाँटवाल्याने इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर आपले आकार बसवले. अर्धा त इथे, रफार तिथे, वेलांटी तिसरीकडे. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. फाँट गेला की फाइल मुकी.

मी हताश होऊन बसले होते. आई मागून आली. चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाली, मोठं कर. केलं. मग तिने खुर्ची ओढली, दोन्ही हात टेबलावर ठेवले, कीबोर्डवर नाही, नुसत्या सनमायक्यावर, आणि एकेक अक्षर बघत बोटं हलवायला लागली. उजवी तर्जनी खाली. ‘र.’ करंगळी वर. ‘त्र.’ अंगठा. ‘पुढचा शब्द.’ शुभा, ती वाचत होती. पडद्यावर जे इंग्रजी अक्षर दिसतंय ती कळ तिने तेव्हा दाबली होती, आणि त्या कळेवर मराठी काय होतं हे तिच्या बोटांना अजून माहीत आहे. ‘रात्रीच्या गाडीला कर्जतला मागून बँकर लागले की’ (बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं) इथपर्यंत तिने वाचलं आणि हात मांडीवर घेतले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिच्याच टेबलाशी बसून ‘अ’पासून शिकलेली माणसं आपण दोघीच. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

त्यानंतर रोज दुपारी बसतो. ती सांगते, मी तक्ता लिहिते. मग तो तक्ता पायथनला देते (प्रोग्रॅम लिहायची भाषा, मिंटमध्ये आयती असते) आणि तो अक्षरं बदलत जातो. आधी जोडगोळ्या, मग एकेकटी. खरी मेख पुढे आहे. तेव्हा आपण दिसेल तसं टाइप करायचो. ‘निर्मिती’ घे. आधी वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म, त्याच्यावर रफार, मग ती. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: वेलांटी अक्षराच्या मागे, आणि रफार म्हणजे र् चक्क म-च्या आधी. तर प्रत्येक वेलांटी उचलून मागे न्यायची, प्रत्येक रफार उचलून पुढे आणायचा, आणि मधे जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडायचं. ‘मार्मिक’ जमलं त्या दिवशी मी शिरा केला.

आणि आता घोडं अडलंय ते इथे. कळेवर नसलेली अक्षरं. ऑल्ट दाबून आकडे मारायचो ती. ङ, ऱ्ह, द्ध, द्व, हृ, ठ्य, आणि अशी किती. भिंतीवर कॅलेंडरच्या मागे तक्ता चिकटवलेला होता, तो रंगकाम झालं तेव्हा निघाला. आईच्या बोटांना अक्षरं आठवतात, आकडे आठवत नाहीत. तिथे तिची गाडी अडते, आणि ती स्वतःवर चिडते, ते मला बघवत नाही. संदर्भाने काही लागतात. ‘सि_पूर’ असेल तर तिथे ‘द्ध’ असणार. पण गार्डकाकांनी माणसांची आडनावं लिहिलीत, खेड्यांची नावं लिहिलीत. तिथे अंदाज कसा चालेल? एखाद्याच्या आजोबांचं नाव आम्ही अंदाजाने लिहायचं का? आई तर ऐकतच नाही. म्हणते, मी पार्टीला चुकीचं प्रूफ कधी दिलं नाही.

दुसरी काळजी तिच्या डोळ्यांची. हे सगळं युनिकोडमध्ये आणलं तरी ओळ न् ओळ तपासायला लागणार. मशीन र आणि रफारात गडबड करतं ते डोळ्यांनीच सापडतं. त्या सीडीवर गार्डकाका एकटे नाहीत. कोलबाडच्या बाईंची आत्मकथा आहे, वाड्याच्या भाऊबंदकीची हकिगत आहे, तळ्यांवरची ती लेखमाला आहे: मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली. कुठल्या प्रकाशकाने घेतलं नसतं असं लिखाण, म्हातारपणी हौसेने लिहिलेलं, मुलाबाळांपुरत्या प्रती काढलेलं. ते आता दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. आणि वाचू शकणारी बोटं एका घरात दोन हात. मला रात्री झोप लागत नाही ती यामुळे. भाऊबंदकीचं आईने बाजूला ठेवायला लावलंय. म्हणाली, ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय ते मराठीत आणायचं नाही. बरोबर आहे तिचं.

तळ्याच्या कट्ट्यावर तू स्टॉलमनचं सांगायचीस. १९८३ला त्याने ग्नू ही सगळ्यांना खुली सिस्टिम जाहीर केली, सॉफ्टवेअर वापरता आलं पाहिजे, उघडून बघता आलं पाहिजे, बदलता आणि वाटता आलं पाहिजे, वगैरे. मी म्हणायचे, आईचा धंदा लॉकवर चालतो, तुझ्या वगैरेवर नाही. त्यावरून आपलं भांडण झालं. तुला लिनक्स घालायला आईचंच मशीन हवं होतं, तेही ऐन लग्नसराईत, आणि मी तुला खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत बोलत नव्हतो. आजही म्हणते, ते तेव्हा करायचं नव्हतंच. ते पॅकेज लिनक्सवर चाललं नसतं, आणि पत्रिकेवर मुहूर्त असतो. पण तुझं एक वाक्य मी विसरले नव्हते. ‘पॅरलल पोर्टचं ते लॉक जळलं तर काकूंनी स्वतः टाइप केलेलं काकूंचंच राहील का?’ लॉक खरंच जळलं. फाँट हाताशी होते म्हणून बघता तरी येतंय, नवं काही त्यात टाइप करता येत नाही. म्हणून आता जे करतेय ते सगळं उघडं ठेवणार आहे. तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत, बदलणारा प्रोग्रॅमही तसाच, कुणालाही घेता येईल असा. ठाण्यात, डोंबिवलीत, गिरगावात आईसारख्या घरात बसून डीटीपी केलेल्या बायका काही थोड्या नव्हत्या. त्यांच्या सीड्या कुठल्या माळ्यावर असतील गं?

तुझं काय चाललंय? नवी नोकरी रुळली का? सासूबाईंचा गुडघा? लेकीची दहावी आहे म्हणजे तुझीच परीक्षा. तिला म्हणावं, भूमिती सोडू नकोस. इंदूरची थंडी अजून आहे का? ते सविस्तर पुढच्या वेळी विचारते.

आता काम ऐक. तुझी ती लाल पुठ्ठ्याची लांब वही. कॉलेजच्या अंकाच्या वेळी तू भिंतीवरचा ऑल्टचा तक्ता तिच्यात उतरवून घेतला होतास, मागच्या पानांवर, हिरव्या शाईत. लग्नानंतर तुझी पुस्तकं नाशिकला तुझ्या आईकडे राहिली आणि त्यांत ती वही होती, असं मला पक्कं आठवतंय. फोन करून शोधायला लाव. सापडली तर पानांचा फोटो काढून पाठव, पण डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता फोटो पाठवलास तर बारीक होऊन येतो आणि आकडे फुटतात. मूळ वही ये तेव्हा घेऊन ये. आईने विचारलंय, शुभी मे महिन्यात चार दिवस येईल का, प्रूफं वाचायला. तुझी खुर्ची अजून आहे, एक चाक नाही, ते बसवून घेते.

तुझी,
अनू

ता. क. : ऑल्टबरोबर शून्य धरून चार आकडे मारायचो की नुसते तीन? दोन्हींनी वेगवेगळं अक्षर येतं, त्यामुळे अख्खा तक्ता त्यावर आहे. आई म्हणते तीन, मी म्हणते चार. वही सापडेपर्यंत निदान एवढं आठवून कळव.