मास्क लावणाऱ्याला मास्क काढायला लावू नका

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मेळ्याचे दिवस आहेत, संक्रांतीनंतर लग्नांचे मुहूर्तही सुरू झालेत, म्हणजे आता दोन महिने ग्वाल्हेरात जिकडे बघाल तिकडे गर्दी. म्हणून आत्ताच हे पत्र लिहितेय, छापलंत तर बरं होईल.

विषय मास्कचा आहे. करोना गेला तसे मास्कही गेले असं सगळ्यांनी धरून टाकलंय, पण ज्यांना मास्क लावल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही अशी माणसं अजून प्रत्येक गल्लीत आहेत. कोणाची केमो चालू आहे, कोणाला टीबी आहे, कोणाला दमा आहे आणि आपल्या इथली धूळ सोसत नाही. आमच्या घरात ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. नवी किडनी शरीराने परकी समजून नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्यामुळे तुमच्याआमच्यासाठी जी चार दिवसांची सर्दी असते ती ह्यांच्यासाठी सरळ हॉस्पिटलची भरती होऊ शकते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गर्दीत, बंद खोलीत, दवाखान्यात मास्क पाहिजेच.

आणि मास्कचा त्रास होतो, खूप होतो. "त्यात काय एवढं, लावायचा" असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी शहरातल्या मुख्य चौकात, बाड्यावर, तासभर लावून बघावा, ४५ डिग्रीत गरम वारा, म्हणजे लू, चालू असताना. कानामागे दुखतं, वरचा ओठ घामाने भिजतो, गालावर पुरळ येतं, आपण बोललेलं समोरच्याला कळत नाही म्हणून ओरडून बोलावं लागतं आणि घसा बसतो. मी तर म्हणेन त्रास होतो हे आधी मान्य करा, मग त्यातले बरेच त्रास कमी करता येतात तेही ऐका. हे सगळं आम्ही घरात करत आलोय आणि आमच्यासारख्या बाकीच्यांना त्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त लोक चष्म्यामुळे कंटाळून मास्क सोडतात. ग्वाल्हेरची जानेवारी म्हणजे सकाळी दहा वाजेपर्यंत धुकं, काच गार पडलेली असते आणि मास्कच्या वरच्या फटीतून श्वासाची गरम ओलसर हवा काचेवर गेली की लगेच वाफ धरते, मग रस्ता ओलांडताना समोरची ई-रिक्षाही दिसत नाही. ह्याचं मूळ चष्म्यात नाही, त्या फटीत आहे. मास्कच्या वरच्या कडेला जी पातळ तार असते ती बहुतेक लोक दाबतच नाहीत किंवा एका चिमटीने मधेच दाबतात, त्याने टोक येतं आणि दोन्ही बाजूंना भोकं उरतात. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मधोमध ठेवून खाली गालांपर्यंत सरकवत दाबायची, तार नाकाच्या आकाराची झाली पाहिजे, आणि चष्मा मास्कच्या कडेवर टेकवायचा. तरी वाफ येत असेल तर मेडिकलमध्ये मलमपट्टीसाठी कागदी चिकटपट्टी मिळते, तिचा एक तुकडा मास्कची वरची कड आणि नाक मिळून लावायचा. निघायच्या आधी काचा साबणाच्या पाण्याने धुवून न पुसता तशाच वाळू दिल्या तरी पातळ थर राहतो आणि वाफ कमी धरते. आमचे हे आता स्कूटर चालवतानासुद्धा तक्रार करत नाहीत.

कानाचं दुखणं वेगळं. आमच्या सासूबाई दवाखान्यात ह्यांच्याबरोबर येतात तेव्हा त्यांनाही मास्क लावतो, आणि त्यांच्या एकाच कानावर चष्म्याची दांडी, ऐकायचं मशीन आणि मास्कची इलॅस्टिक असं तिन्हीचं ओझं, मास्क काढायला गेलं की मशीनच खेचून बाहेर येतं, एकदा जयारोग्य हॉस्पिटलच्या बाहेर रस्त्यावर पडलं आणि आम्ही सगळे वाकून शोधत होतो. एवढं महागाचं मशीन. मग मी त्यांच्या लोकरीच्या कानटोपीला दोन्ही बाजूंना कानाच्या जरा मागे मोठी बटणं शिवली, इलॅस्टिक कानात न अडकवता बटणात अडकवायची, कान मोकळे. उन्हाळ्यात टोपी नको तर कापडी पट्टीला दोन टोकांना बटणं लावून ती मानेच्या वर मागे ठेवायची, तेच काम होतं. ज्यांना जास्त वेळ घालायचा आहे त्यांनी कानावरचा न घेता डोक्यामागून दोन पट्टे जाणारा एन-९५ घ्यावा, तो चेहऱ्याला बसतोही नीट.

सासूबाईंवरून आणखी एक. कमी ऐकू येणारी माणसं निम्मं तर ओठ बघून समजून घेत असतात हे घरच्यांनाही माहीत नसतं. मास्कने एक तर ओठ झाकले जातात, वर स, श, फ सारखे बारीक आवाज दबतात, त्यामुळे सासूबाई गप्प गप्प राहायला लागल्या, आपल्याला वाटतं वयामुळे. त्यांच्याशी समोर येऊन, सावकाश, शब्द तोडून बोलायचं, नाहीच कळलं तर मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचं. एवढ्याने त्या पुन्हा बोलायला लागल्या.

उकाड्याचं सांगते. मास्क घामाने आणि श्वासाने ओला झाला की श्वास घ्यायला जड जातं कारण पाण्याने कापडाची छिद्रंच बुजतात, आणि ओला मास्क हवाही नीट गाळत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात एकच मास्क दिवसभर ओढत बसायचं नाही, दोन-तीन कागदाच्या पाकिटात घालून बरोबर ठेवायचे, ओला झाला की बदलायचा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यात ओल तशीच राहते. घरी आल्यावर चेहरा साध्या पाण्याने धुवायचा, पुरळ येत असेल तर निघायच्या आधी अर्धा तास हलकं मॉइश्चरायझर लावायचं आणि मास्कच्या आत पावडर, फाउंडेशन काही लावायचं नाही. पुरुषांनी दाढी करावी, दाढीवर एन-९५ बसतच नाही, बाजूने सगळी हवा आत येते. आणि पाणी! मास्क काढायला नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, हे मी ह्यांच्या बाबतीत बघितलंय, आणि किडनीवाल्याने पाणी न पिणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. निघताना भरपूर पिऊन निघायचं आणि मधे कुठेतरी मोकळ्या हवेत, माणसांपासून चार पावलं लांब जाऊन, मास्क काढून आरामात प्यायचं. मोकळ्यावर पाच मिनिटं काढला तर काही बिघडत नाही, तेवढ्यात चेहऱ्यालाही बरं वाटतं.

काहींना मास्क लावला की जीव घाबरतो, गुदमरल्यासारखं होतं, आणि मग कोणीतरी सांगतं की आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो आणि ऑक्सिजन कमी होतो. तसं होत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे कण मास्कच्या छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक असतात, ते आरामात आरपार जातात, अडतात ते थेंब आणि धुळीचे कण. आम्ही ह्यांना मास्क लावून घरी टीव्ही बघायला बसवलं आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा होता तिथेच राहिला, ९७-९८. ते बघितल्यावर त्यांची निम्मी घबराट गेली. उरलेली सवयीने जाते, आधी घरात थोडा थोडा वेळ लावायचा, श्वास सावकाश नाकाने घ्यायचा, फारच झालं तर बाहेर येऊन काढायचा. हां, ज्यांना फुफ्फुसाचा मोठा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांना मास्क लावूच नये.

आता धुळीबद्दल, कारण आपल्या शहरात तो विषय टाळता येत नाही. २०१६ मध्ये डब्ल्यूएचओने जगातल्या शहरांच्या हवेची यादी काढली त्यात पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांच्या, हिशोबाने ग्वाल्हेर इराणच्या झाबोलनंतर दुसऱ्या नंबरवर होतं. २०१९ मध्ये केंद्राचा स्वच्छ हवेचा कार्यक्रम सुरू झाला त्यातही आपलं नाव आलं. पण आपण काय करतो, तर मुली स्कूटीवर ओढणी गुंडाळतात, पुरुष तोंडाला साफी, म्हणजे सुती गमछा, बांधतात. उन्हापासून आणि डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपासून त्याने आराम मिळतो, पण २.५ मायक्रॉनचा कण साफीतून सहज आत जातो. त्याला एन-९५ च लागतो, तो ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९५ टक्के अडवतो कारण त्याच्या आतल्या थराला विजेचा स्थिर भार दिलेला असतो. म्हणूनच तो धुवायचा नसतो, साबण किंवा स्पिरिट लागलं की तो भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो पण कामाचा राहत नाही. कितीतरी घरांत दोरीवर वाळत घातलेले एन-९५ बघितलेत मी. व्हॉल्व्हवाला मास्क श्वास सोडायला सोपा असतो, नुसत्या धुळीसाठी घ्यायचा तर घ्या, पण खोकला-सर्दी असेल तर नको, तुमचा श्वास त्यातून न गाळता बाहेर जातो. २०२० च्या जुलैमध्ये आरोग्य मंत्रालयाने ह्याच कारणासाठी व्हॉल्व्हवाले मास्क वापरू नका असं पत्र राज्यांना पाठवलं होतं.

इथपर्यंतचा त्रास आपल्या हातातला आहे. ज्यासाठी मी खरं हे पत्र लिहायला बसले तो त्रास दुसऱ्यांच्या हातात आहे.

बँकेत ह्यांचा नंबर आला की काउंटरवरून आवाज येतो, "अंकल, मास्क हटाके बोलिए." मागे रांग, बंद एसी हॉल, कोणीतरी खोकतंय, आणि नेमकं तिथेच मास्क काढायचा. ओळख पटवायला फोटो बघायचा असेल तर दोन सेकंद काढतील ते, पण ऐकू येत नाही म्हणून? कागदावर लिहून घ्या ना. लग्नात तर विचारूच नका. दारातच कोणीतरी मोठ्याने, चार लोकांत, "काय वहिनी, तुमच्याकडे अजून करोना चालूच आहे का?" सगळे हसतात. हे पण हसतात आणि मग हळूच मास्क काढून खिशात घालतात. मला तेव्हा इतकं वाईट वाटतं की काय सांगू, कारण मला माहीत असतं की हा माणूस भिऊन नाही, लाजून मास्क काढतोय. फोटोच्या वेळी तेच, "आता तरी काढा, चेहरा दिसू दे." आणि ह्यातलं कोणी वाईट नसतं, सगळे आपलेच असतात, प्रेमानेच बोलतात. पण त्या बोलण्याने माणूस मास्क काढतो आणि आठ दिवसांनी ताप येतो तेव्हा त्यातलं कोणी दवाखान्यात बसलेलं नसतं.

आमच्या ओळखीत एका मुलीला टीबी झाला होता. तिला डॉक्टरांनी मास्क लावायला सांगितला तो इतरांना लागण होऊ नये म्हणून, म्हणजे ती आपल्या सगळ्यांची काळजी घेत होती. आणि तिच्याजवळची खुर्ची सोडून लोक उठून जायचे. शेवटी ती मास्कच लावेना, मास्क नसला की कोणाला काही कळत नाही म्हणाली. ह्यात कोणाचं भलं झालं?

आपल्याकडे स्थानकवासी जैन साधू-साध्वी आयुष्यभर तोंडाला मुहपत्ती बांधून राहतात, बाजारातून जाताना दिसले तर लोक बाजूला होऊन हात जोडतात, कोणी म्हणत नाही की काढून बोला. म्हणजे झाकलेलं तोंड बघायची आपल्याला सवय नाही असं अजिबात नाही, कारण माहीत असलं की आपण मान देतो. आजारी माणसाने मात्र आपलं कारण प्रत्येकाला सांगत फिरायचं का? किडनी, कॅन्सर, टीबी हे लग्नाच्या मांडवात सांगायचे विषय आहेत का?

म्हणून माझी वाचकांना हात जोडून विनंती आहे, मास्क लावलेला माणूस दिसला तर कारण विचारू नका, गंमत करू नका आणि काढायला तर मुळीच सांगू नका. ऐकू आलं नाही तर जरा कान देऊन ऐका किंवा परत विचारा. तुम्हाला स्वतःला सर्दी-खोकला असेल आणि लग्नाला जाणं टळत नसेल तर त्या दिवशी तुम्हीही लावा. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हॉलमध्ये दाराजवळ किंवा खिडकीजवळ, जिथे हवा खेळती आहे, तिथे दोन-चार खुर्च्या राखून ठेवाव्यात, आणि अशा पाहुण्यांना पहिल्या पंगतीच्या आधी, गर्दी नसताना, वाढून द्यावं. जेवताना तर मास्क काढावाच लागतो, तेवढा वेळ आसपास माणसं कमी असली की झालं. आमच्या एका भाचीच्या सासरच्यांनी हे न सांगता केलं, वरच्या गच्चीवर ताट आणून दिलं आणि स्वतः यजमान लांब खुर्ची टाकून गप्पा मारत बसले. ह्यांना त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती. रोज तुम्ही सोन्याचा भाव आणि तापमान छापता, त्याच्या शेजारी शहराच्या हवेचा आकडाही छापा. प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर तो रोज येतो, पण आमच्या सासूबाईंच्या वयाची माणसं ॲप बघत नाहीत, पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. आज एन-९५ लावून निघायचं की साध्यावर चालेल, की फिरायला जाणंच टाळायचं, हे त्यांना सकाळी चहाच्या वेळीच कळेल.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर