टिन म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,

आमच्या यवतमाळकडे छपराचे पत्रे म्हणजे टिनं, तेलाचा १५ किलोचा पिपा तोही टिन, आणि वादळात कोणाचं घर उघडं पडलं की लोकं म्हणतात टिनं उडाली. पण छपराच्या त्या टिनात खरं टिन नसतेच, ते लोखंड अन वरून जस्ताचा मुलामा, आणि तेलाच्या पिप्यावर मात्र आतून खरंच टिनाचा पातळ थर असू शकते, म्हणजे आपलं कथील! हा शब्द आता पोरांना माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटते. माझ्या आजीच्या अंगणात कल्हईवाला बसायचा, भाता चालवून पितळी गंज (म्हणजे भांडं) लाल तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवली की लगेच वितळायची (२३२ डिग्रीलाच वितळते ते) अन कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की गंज आतून चांदीसारखा. कासं पण तांबं अन कथलाचंच. शाळेच्या पुस्तकात टिन लिहा, पण बाजूला कथील शब्द पण द्या ना.

एक वाचक, दारव्हा तालुका