फुकटचे वीस मार्क नकोत, आम्हाला नीट तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये दहावीला आहे. माझं आणि शाळेचं नाव छापू नका ही विनंती, कारण मला अजून त्याच वर्गात बसायचंय आणि तोंडीचे, प्रॅक्टिकलचे मार्क शाळेच्याच हातात आहेत. पण तुमच्या पेपरात शिक्षणावर जे छापून येतं ते सगळं मोठ्या माणसांचं असतं, संस्थाचालक, संघटना, पालक, अधिकारी. आम्ही जे बाकावर बसतो त्यांना कोणी विचारत नाही म्हणून लिहितेय.

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे स्टँडवर बॅनर लागतात, शाळेचा निकाल एवढे टक्के, पोरांचे फोटो, खाली संस्थेच्या सगळ्यांची नावं. चांगलंच आहे, आनंद व्हायलाच पाहिजे. पण त्याच बॅनरवरची पोरं पुढे काय करतात ते पण बघा ना. आमच्या गल्लीतली एक ताई ८४ टक्के घेऊन पास झाली, जळगावला सायन्सला गेली, पहिल्याच चाचणीत फिजिक्सला तीन मार्क पडले, घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. शेवटी दिवाळीनंतर आर्टसला बदली करून घेतली. ती ढ नव्हती हो, तिला वर्षभर कोणी खरं सांगितलंच नाही की तुला हे येत नाहीये.

आता ते वीस मार्कांचं सांगते. बहुतेक विषयात ८० ची लेखी आणि २० शाळेच्या हातात, आणि पासिंग दोन्ही मिळून ३५ ला. म्हणजे शाळेने २० पैकी २० दिले तर ८० च्या पेपरात १५ मिळाले तरी पोरगं पास. २०१९ साली बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे शाळेच्या हातातले मार्क काढले होते, त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, त्याच्या आदल्या वर्षी ८९.४१ होता. मग ओरड झाली, मार्क परत दिले, २०२० ला निकाल थेट ९५.३०. २०१९ ला पुस्तकं आणि पेपरचा पॅटर्नपण नवा होता हे मान्य, नुसतं वीस मार्कांमुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण एका वर्षात एवढा खड्डा आणि पुढच्या वर्षी एवढी उडी, ह्याच्यात पोरं एकदम ढ आणि एकदम हुशार झाली असं तर नाही ना.

ते मार्क शाळेत कसे देतात ते आम्हाला माहितीये. मराठीची तोंडी म्हणजे सर हजेरीपटावरून नावं वाचतात, उभं राहा, बस, झालं, अठरा. जो पोरगा वाचताना जोडाक्षराला अडतो त्याला पण अठरा आणि जी पोरगी वक्तृत्वात तालुक्याला पहिली येते तिलापण अठराच. विज्ञानाची प्रयोगवही तर मागच्या वर्षीच्या पोरांकडून घरी आणायची आणि रात्रीतून उतरवायची, निरीक्षणाच्या तक्त्यातले आकडे सुद्धा तेच, चार-पाच वर्षांपासून आमच्या शाळेत बहिर्वक्र (मध्ये फुगीर) भिंगाचं नाभीय अंतर (लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जेवढ्यावर स्पष्ट पडतं ते) तेच निघतंय! प्रयोगशाळेला कुलूप आहे, भिंग आमच्या वर्गात कोणी हातात घेतलेलं नाही.

मला राहवेना म्हणून मी घरी केलं. आमच्या आबांचा वाचायचा चष्मा आहे, +२ नंबरचा. दार उघडं ठेवून आतल्या भिंतीसमोर धरला आणि मागेपुढे केला तर रस्त्यापलीकडचं कडुनिंबाचं झाड भिंतीवर उलटं दिसायला लागलं, एवढंसं, फांद्या खाली आणि मागून जाणारी मोटरसायकल पण उलटी. टेपने भिंतीपासून चष्म्यापर्यंत मोजलं तर अर्ध्या मीटरच्या आसपास आलं. पुस्तकात सूत्र आहे, भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर, म्हणजे १ भागिले ०.५, बरोबर २. आबांचा नंबर निघाला! आबा म्हणे, "तुना सर हाई शिकाडत नही का वर्गमा?" मी काय सांगणार. हा प्रयोग शाळेत करायला एक तास लागला नसता आणि साहित्याला एक रुपयासुद्धा लागला नसता, प्रत्येक वर्गात कोणाच्यातरी आजोबांचा चष्मा असतोच.

शिस्तीचं पण असंच आहे. शिस्त म्हटलं की लोकांना छडी आठवते, आमच्या घरी पण म्हणतात आमच्या वेळेला मास्तर फोडून काढायचे म्हणून आम्ही सुधरलो. मला ते अजिबात नकोय, शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. पण छडी गेली तर तिच्या जागी काहीतरी यायला हवं होतं ते आलंच नाही. आता आमच्या वर्गात मागच्या दोन बाकांवर तास चालू असताना रील बघतात, आवाज कमी करा एवढंच बाकीची पोरं म्हणतात, मॅडम बघतात आणि फळ्याकडे वळतात. का वळतात ते पण सांगते. एकदा त्यांनी एकाचा मोबाईल जप्त करून ऑफिसात जमा केला तर दुसऱ्या दिवशी त्याचे वडील गावातल्या एका पुढाऱ्याला घेऊन आले, सगळ्या शाळेसमोर मॅडमला बोलले, आणि मोबाईल हातात घेऊन गेले. हेडसर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून मॅडम कोणाला काही म्हणत नाहीत, आणि नुकसान झालं ते पुढच्या बाकांवरच्या चाळीस पोरांचं. पालकांनी हे वाचावं असं मला फार वाटतं. तुम्हाला तुमच्या पोराचा राग येत नसेल तर नका येऊ देऊ, पण जो शिक्षक त्याला हटकतो त्याचं तोंड बंद करू नका.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाहीये मला. आमच्याकडे इंग्रजीची जागा रिकामी आहे, भूगोलाचे सर इंग्रजी घेतात, ते स्वतःच म्हणतात बेटा मी आदल्या रात्री वाचून येतो, आणि त्यांचा तास खरं तर सगळ्यात बरा होतो. मतदारयादीचं काम निघालं की दोन सर गावात घरोघर, सर्वे आला की तिसरे, आणि जे उरतात ते ऑनलाईन माहिती भरायला ऑफिसात. मग दोन वर्ग एका खोलीत बसवतात आणि म्हणतात शांत बसा, वाचन करा. शंभर पोरं एका खोलीत शांत बसतील का?

अजून एक गोष्ट आपल्या खान्देशातली आहे जी मुंबई-पुण्याच्या लोकांना कळणार नाही. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचायला येतो आणि आमचा वर्ग अर्धा होतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे पैसे एवढे मागतो की घरचीच पोरं वावरात न्यावी लागतात, जास्त करून पोरीच. ह्याला मी बेशिस्त म्हणणार नाही, मी स्वतः जाते. पण शाळा काय करते, तर बोर्डाला ७५ टक्के हजेरी दाखवायची म्हणून त्या पोरींच्या नावापुढे हजर लिहून टाकते आणि धडा पुढे जातो. कागदावर ती वर्गात होती म्हणून तिला परत कोणी शिकवतच नाही. खरी गैरहजेरी लिहिली असती तर निदान कोणीतरी विचारलं असतं की हिचं त्रिकोणमितीचं प्रकरण राहिलंय, त्याचं काय.

हे सगळं दहावीत येऊन दिसतं पण सुरू लहानपणीच होतं. आठवीपर्यंत कोणाला नापास करून त्याच वर्गात ठेवायचं नाही, हा शिक्षण हक्क कायद्यातला नियम आम्ही शाळेत गेलो तेव्हा होता. २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा सुरू केली, तोपर्यंत आमच्या वर्गातले बरेच जण पाचवीतून पुढे आलेले होते. ठेवायचं नाही हे बरोबर होतं असं मला वाटतं, लहान पोराला नापास करून घरी बसवलं तर ते सरळ वावरात जातं. पण ढकलायचं नाही हे पण त्याच कायद्यात सांगितलं होतं, सतत तपासा, मागे पडला तर जास्तीचं शिकवा. तपासणं राहिलं आणि ढकलणं तेवढं झालं. असर नावाचा देशभरचा सर्वे असतो, २०२३ मध्ये त्यांनी १४ ते १८ वयाची ग्रामीण पोरं तपासली तर चारात एकाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा आपल्या भाषेत नीट वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित निम्म्याहून जास्त पोरांना जमलं नाही. माझ्या बाकावर बसते तिला भागाकार येत नाही. ती रोज येते, वही पूर्ण असते, अक्षर माझ्याहून छान आहे.

मध्यंतरी गणित-विज्ञानात २० मार्कांवर पण पुढे जाऊ द्यायची चर्चा निघाली होती तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मला रडू आलं. आम्हाला येत नाही म्हणून पट्टी खाली करताय, पण पोलीस भरतीची पट्टी, नर्सिंगची पट्टी कोण खाली करणार आहे?

शेजारी अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते, १९३० ला सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत. छात्रालयात पोरांचं अंथरूण पसरलेलं दिसलं की ते न बोलता स्वतः घडी घालून ठेवायचे, खोली झाडायचे, आणि पोरांना लाज वाटून ती आपोआप आवरायला लागायची. रात्री बसून पोरांसाठी हाताने दैनिक लिहायचे. आवाज न चढवता शिस्त लागते हे आपल्याच मातीत झालेलं आहे. दरवर्षी जयंतीला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषणं पण करतो.

बोर्डाच्या परीक्षेला कॉपीमुक्त अभियान असतं, भरारी पथक, पोलीस, आजूबाजूची झेरॉक्स दुकानं बंद. ते असू द्या. पण वर्षभर घटक चाचणीला पर्यवेक्षक व्हरांड्यात फोनवर असतात आणि गाईड बाकावर उघडं असतं, मग ज्याला वर्षभर कॉपीची सवय लावली त्याला मार्चमध्ये एकदम पोलीस दाखवून काय होणार, तो घाबरतो आणि त्याला काहीच येत नाही.

शिक्षणाधिकारी साहेब हे पत्र वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे की शाळा तपासायला याल तेव्हा रजिस्टर बघू नका, पाच वह्या उचला, कोणत्याही, आणि त्या पोरांना त्यातलंच एक गणित फळ्यावर सोडवायला सांगा. तोंडी परीक्षा खरी घ्यायला लावा, मला बारा मिळाले तरी चालतील. कापूस वेचून झाल्यावर जानेवारीत सकाळी एक तास जास्तीचा ठेवा, आम्ही पोरी नक्की येऊ, मी सगळ्यांना विचारलंय. आणि दिवाळीआधी जी सत्र परीक्षा होते तिचे पेपर खरोखर तपासून आमच्या हातात द्या, गेल्या वर्षी आम्हाला ते बघायलाच मिळाले नाहीत, नुसते मार्क कळले.

आपली,
एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी
ता. पारोळा, जि. जळगाव