छडी पोराच्याच हातात राहू देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, तसं तिने मला कबूल केलंय. निघायच्या आदल्या दिवशी आभार मानायला घरी आले, तर तुम्ही "त्यात का एवढं बाई" म्हणालात आणि चहा पुढे केलात. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहून गेलं. नागपूरला परतल्यापासून ते मनातून जात नाही. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. माझ्या मुलाला मासे धरायला शिकवताना तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळू दे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचे हात थोडे संथ चालतात. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, कंपासपेटीतलं कर्कटक, सगळं त्याला जमतं, फक्त वेळ लागतो. आणि तो वेळ द्यायला कोणाला सवड नसते. वर्गात शेजारचा मुलगा वही ओढून आकृती काढून देतो, बाई "अरे, दे इकडे" म्हणतात, लग्नाकार्यात कोणी मावशी त्याच्या हातातलं ताट काढून घेते. वाईट कोणाच्याच मनात नसतं. पण दिवस संपतो तेव्हा त्याच्या हातून पुरं झालेलं असं काही उरत नाही.

अशा मुलाला मासे धरायचं वेड लागलं. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या प्रश्न सुरू व्हायचे. गळ केवढा घ्यायचा? गांडूळ अख्खं लावायचं की तुकडा? पाणी गढूळ असेल तर माशाला दिसतं का? खाली मासा खातोय हे वर बसून कळतं कसं? मी लहानपणी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, खेळलेली, पण गरी कधी हातात धरली नव्हती. मग उत्तरं शोधायला आम्ही शहरात फिरलो.

एका दुकानदाराने त्याचा एकही प्रश्न पुरता ऐकून घेतला नाही. समुद्रात वापरतात तशी जाडजूड रीळवाली काठी आणि त्याच्या बोटाएवढे गळ आमच्या गळ्यात मारले. तळ्याकाठी बसलेल्या काही जणांना चारा कशाचा लावता म्हणून विचारलं, तर त्यांनी डब्याचं झाकण लावून घेतलं आणि "नशिबात असलं की लागते" एवढंच सांगितलं. मग भरपूर पैसे मोजून शहराजवळच्या एका तळ्यावर "मुलांसाठी मासेमारीचा दिवस" होता तिथे गेलो. दुपारपर्यंत पोरगा चिकाटीने बसला. शेवटी मासा लागला, आणि शिकवणारा धावत आला, त्याच्या हातातली काठी घेतली, मासा बाहेर काढला, मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "हं, आता फोटो काढा." तो फोटो माझ्याकडे आहे. मासा छान दिसतो. मुलाचा चेहरा बघवत नाही. तो मासा आपला नाही, हे त्याला त्या क्षणीच कळलं होतं.

त्यानंतर त्याने काठी माळ्यावर ठेवून दिली होती. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे माहेरी आलो तेव्हा माझ्या भावाने आग्रहाने ती सोबत आणायला लावली, आणि आम्ही तलावावर तुमच्यापाशी येऊन उभे राहिलो.

तुम्ही त्या काठीला नावं ठेवली नाहीत. उलटून पालटून पाहिलीत, मोहाच्या खोडाला टेकवून ठेवलीत आणि म्हणालात, "चांगली आहे. जरा मोठा झाला की कामी येते." मग बांबूची एक हलकी छडी त्याला दिलीत. त्या दिवशी गरी पाण्यात पडलीच नाही. "आधी पानी पाहा," म्हणालात. आम्ही तिघं पारीवर बसून नुसतं पाणी पाहत होतो. बारीक बुडबुड्यांची रांग कुठे उठते, तिथे खाली मिरगल नाही तर सिप्रिनस चिखल उकरत असतो. कमळाच्या पानाचा देठ वारा नसताना हलला, तर खालून कोणी तरी त्याला घासून गेलं. तुडुमाजवळ, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या तोंडाजवळ, पाणी खोल, सांडव्याकडे उथळ. मी चाळीस वर्षं तो तलाव पाहते आहे आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्याने तुम्हाला विचारलं, हा तलाव कोणी बांधला? तुम्ही त्याला गोंड राजांच्या काळातल्या कोहळी लोकांबद्दल सांगितलंत, त्यांनी पारी बांधून पाणी कसं अडवलं ते सांगितलंत, मालगुजारांचे म्हणून हे मालगुजारी तलाव, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले, तेही सांगितलंत. गरी टाकायला आलेल्या पोराला इतकं कोण सांगतं? पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, ही तुमची साधी समजूत.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, गरी पाण्यात किती खोल सोडायची? तुम्ही थेट आकडा सांगितला नाहीत. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या पाण्यात. मिरगलचं तोंड खाली, तो तळाशी. "तोंड पाहा, कुठं खाते ते समजते." मग दोऱ्याला खडा बांधून पाण्याचा तळ मापायला लावलात, आणि ज्वारीच्या ताटाचा तरंगणारा तुकडा दोऱ्यावर वर-खाली सरकवून गरी हवी तेवढ्या खोलीवर कशी ठेवायची ते त्यालाच करायला लावलंत. दुकानातले मोठे गळ बाजूला ठेवून करंगळीच्या नखाएवढी गरी दिलीत. जवसाच्या ढेपेचा चुरा आणि तांदळाचा कोंडा भिजवून त्याचा चारा त्याच्याच हाताने मळवून घेतलात, आणि मूठभरच टाकायचा, पोट भरलेली मासोळी गरीकडे कशाला पाहील, हेही सांगितलंत.

गाठ मारायला त्याला किती वेळ लागला ते तुम्हाला आठवत असेल. नायलॉनचा दोरा त्याच्या बोटांतून निसटत होता. माझेच हात पुढे जायला लागले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, नुसतं पाहिलंत, आणि मी हात मांडीवर ठेवले. शेवटी गाठ बसली तेव्हा म्हणालात, "आता थुंकी लाव, मग ओढ." कोरडा दोरा घासून तापतो आणि गाठीतच कमजोर होतो, हे त्याने मला घरी आल्यावर समजावून सांगितलं. त्याने मला समजावून सांगितलं, काका. असं आमच्या घरात फार कमी वेळा होतं.

आणि मग ती संध्याकाळ. ऊन उतरलं होतं. ज्वारीचा तुकडा आधी थरथरला, तेव्हा तो उठायला लागला, तुम्ही म्हणालात, "थांब. लहान आहेत, टोचा मारून राहिले." थोड्या वेळाने तो तुकडा आडवा सरकत निघाला आणि सावकाश पाण्याखाली गेला. "आता." त्याने छडी उचलली आणि ती कमान झाली.

मासोळी मोठी होती. छडीला रीळ नाही, दोरा जेवढा आहे तेवढाच. पोराचे दोन्ही हात कापत होते. पारीवरची माणसं ओरडायला लागली. "काका, घ्या ना छडी! सुटून जाईल!" एक जण तर चप्पल काढून धावत खाली आला.

तेव्हा तुम्ही तुमचे दोन्ही हात पाठीमागे नेलेत आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलंत.

मी तुमच्या मागेच उभी होते, म्हणून मला ते दिसलं. तुमची बोटं मनगटावर घट्ट रुतली होती. आयुष्य पाण्यावर गेलेल्या माणसाचे हात आपोआप पुढे जाणारच, आणि तुम्ही त्यांना धरून ठेवलं होतं. धावत आलेल्याला तुम्ही मान न वळवता सांगितलंत, "त्याची मासोळी आहे." आणि मुलाला हळू आवाजात, "छडी उभी ठेव. ओढू नोको. ती जाते तिकडे तू चाल. थकू दे तिले." तो पाण्याच्या काठाकाठाने चालला. मासोळी कमळाच्या पानांकडे वळली, तेव्हा ती गेली असंच सगळ्यांना वाटलं. तरीही तुमचे हात सुटले नाहीत. सुटली असती तरी तुम्ही ते सोडले नसते, याची मला खात्री आहे.

ती त्याने स्वतः काठाला आणली. तुम्ही दुपट्टा ओला करून त्याच्याकडे दिलात, कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. रोहू होती, किलोभराची तरी असेल. सोडायची की घरी न्यायची, असं त्याने विचारलं. "तुझी मासोळी. तू ठरव." त्याने ठरवायला वेळ घेतला, तोही तुम्ही दिलात. तो घरी घेऊन आला, आईने रस्सा केला, आणि पहिला तुकडा तुमच्या घरी द्यायला तो स्वतः डबा घेऊन गेला.

काका, मदत करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. हातातलं काम काढून घेऊन भराभर करून देणारी मदत मी रोज पाहते. पण ज्याला सगळं येतं आणि जो तरीही मागे थांबतो, असा माणूस क्वचित भेटतो. आमच्या माहेरच्या गावातल्या बसथांब्यावर एक कंडक्टर म्हाताऱ्या माणसाला पायरी चढेपर्यंत घंटी न वाजवता उभा असतो, घाई करा म्हणत नाही, हात धरून ओढतही नाही. मला तोही तुमच्याच जातकुळीतला वाटतो. अशी माणसं कमी बोलतात आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलतही नाही. त्यांच्यामुळे माझ्या मुलासारखी मुलं ताठ उभी राहतात.

तुम्ही त्याला काय धरायचं नाही तेही शिकवलंत, ते इथे लिहून ठेवते, इतर आईवडिलांच्या उपयोगी पडेल. उन्हाळ्यात पहाटे मासोळ्या पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतात तेव्हा गरी टाकू नये. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, त्यांना श्वासच पुरत नसतो. लाल पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर तिथून लांब बसायचं, खाली मरळीचे आईबाप राखणीला असतात, आणि ते धरले तर सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. मृगाच्या पहिल्या पावसात मरळ, शिंगी उथळ पाण्याकडे आणि धानाच्या बांध्यांकडे निघतात, पोटात गाभोळी असते, तेव्हा छडी घरीच ठेवायची. शिंगीला कल्ल्यामागच्या काट्याजवळ धरायचं नाही, आणि काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. आणि सगळ्यात आधी, तलावाचा ठेका ज्या ढिवर (मासेमार) बांधवांच्या संस्थेकडे आहे तिला विचारायचं. रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांनी पैसे मोजून सोडलेली असतात, ती साठलेल्या पाण्यात आपोआप पैदा होत नाहीत. तुम्ही स्वतः संस्थेचे जुने सभासद, तरी पोराला घेऊन अध्यक्षांच्या घरी गेलात आणि विचारायला लावलंत. तेही त्यानेच विचारलं, अडखळत का होईना.

शाळा सुरू व्हायची आहे. बुटाची नाडी अजून तितकाच वेळ घेते. पण परवा त्याचा मामेभाऊ "दे, मी बांधतो" म्हणून वाकला, तर हा शांतपणे म्हणाला, "नको. माझी आहे."

भाऊ पुढच्या आठवड्यात गावी येतोय. त्याच्याबरोबर बारीक गऱ्यांचं एक पाकीट आणि तुमच्यासाठी चहापत्ती पाठवते आहे. पैसे तुम्ही घेतले नाहीत, हे तरी परत करू नका. दिवाळीत आम्ही येऊ. धान कापणीच्या गडबडीत तुम्हाला वेळ असेल तेव्हाच. पोराने प्रश्न लिहून ठेवले आहेत, त्यातला पहिला तुम्हाला आधीच कळवायला सांगितलाय: थंडीत मासोळी खोल पाण्यात जाते, मग चारा सकाळी टाकायचा की ऊन तापल्यावर?

काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
गावची लेक