हादऱ्यातून गेज वाचवणाऱ्या नानांचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा ले" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. धुळे, शिरपूर, जळगावची जी पोरं आपल्या गाड्या ट्रॅकवर नेतात, त्यांनाही कळू द्या तुम्ही काय केलंत ते.

आमची रेसची गाडी म्हणजे मोटरसायकल, एक सिलिंडरची, ४९९ सीसीची, बॅलन्सर शाफ्ट (उलटा धक्का देऊन हादरा मारणारा दांडा) नसलेली. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो, आणि त्या थांबण्याचा धक्का चेसिसला बसतो. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) काउंटरवेटने, म्हणजे उलट बाजूच्या वजनाने, त्यातला काही भागच मारता येतो. सगळा मारायला गेलं तर वर-खालीचा धक्का मागे-पुढे बसायला लागतो. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) सेकंदाला १०० हादरे. त्यातही आरपीएम दुप्पट झाले की हादऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे गावात बरी चालणारी गाडी ट्रॅकवर गेज, म्हणजे काट्याने आकडा दाखवणारे गोल डबे, खाते. आरपीएम मीटरचा काटा वरच्या गिअरमध्ये दिसायचाच नाही, नुसता धुरकट पट्टा दिसायचा. ऑइल प्रेशरचे गेज तर मोसमभरही टिकत नव्हते. वळणातून बाहेर पडताना रायडरची नजर खाली जाते ती क्षणभर. तेवढ्यात प्रेशर पडलेलं कळलं नाही तर बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारं बेअरिंग) जातं, आणि शंभराच्या वेगात इंजिन जाम झालं तर माणूसही जातो. म्हणून आम्हाला या दोन गोल डब्यांची एवढी काळजी.

साखर कारखान्यात उभा जन्म गेज दुरुस्त करण्यात गेलेला माणूस आपल्याच गल्लीपलीकडे राहतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्ही आमचं बंद पडलेलं ऑइल गेज घेतलंत, काच काढलीत आणि आतली सी आकाराची बोर्डन ट्यूब दाखवलीत, जी प्रेशरने उलगडते आणि काटा फिरवते. मग भिंगाखाली काट्याला फिरवणारं ते छोटं दातेरी सेक्टर धरलंत. सगळे दात नवेकोरे, फक्त मधले दोन-तीन झिजून टोकदार झालेले. "गाडी ज्या प्रेशरवर जास्त वेळ चालते तिथलेच दात खाल्ले गेलेत," तुम्ही म्हणालात. काटा जागच्या जागी थरथरतो आणि त्याच दोन दातांना कानशीसारखा घासत राहतो. गेज खराब निघालं असं म्हणून नवं आणायची आपल्याकडे रीत. आजार गेजच्या बाहेर आहे, हे मला त्या दातांनी पटवलं.

नंतर तुम्ही गाडी सुरू करायला लावलीत, आणि गेज धरणाऱ्या ब्रॅकेटच्या पट्टीच्या टोकावर व्हाइटनरचा बारीक ठिपका दिलात. आरपीएम वाढवत गेलो तसा ठिपका लांबत गेला. एका आकड्याला त्याची चांगली रेघ झाली, आणि त्याच्या पुढे गेल्यावर पुन्हा आखूड. म्हणजे इंजिन हलवत होतंच, पण ती पातळ पट्टी स्वतःच्या तालात येऊन त्याच्यावर कडी करत होती. तेव्हा तुमच्या तोंडून आलेलं वाक्य आता गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे: "आधी कोठे हालस ते देख, मंग पाना हातमा ले."

रबराचं गणित तर मी सगळ्यांना सांगत सुटलोय. गेज ठेवल्यावर रबर वजनाने १ मिमी दबत असेल, तर ते सेकंदाला साधारण १६ वेळा डोलतं. इंजिनाचा हादरा त्याच्या १.४ पटीपुढे गेला की मग कुठे रबर तो अडवायला लागतं. जवळपास असेल तर उलट वाढवतं. म्हणून कडक रबराची चकती घालून नट गच्च आवळणं कामाचं नाही. रबर मऊ हवं आणि वर वजन हवं. तुम्ही दोन्ही गेज ५ मिमी जाडीच्या एकाच लोखंडी प्लेटवर बसवलेत. रेसच्या गाडीवर सुमारे ३०० ग्रॅम वजन वाढवायचं म्हटल्यावर आमच्या पोरांचे चेहरे उतरले होते, पण तेच वजन काटा स्थिर ठेवतं. रबराच्या बुशमध्ये लोखंडी कॉलर (नळीचा तुकडा) घातलीत, म्हणजे नट कॉलरवर आवळला जातो आणि रबर मोकळं राहतं. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, म्हणजे रबर फाटलं तरी गेज ट्रॅकवर पडणार नाही. आणि आरपीएमची केबल, जी गेजपाशीच क्लिपने चेसिसला बांधलेली होती, ती सोडवून मोठा वळसा देऊन आणलीत. रबराने अडवलेला हादरा त्या ताठ केबलमधून मागच्या दाराने आत येत होता.

ऑइल गेजचा इलाज तुम्ही केळीच्या बागेतून आणलात, आणि हे मला सगळ्यात आवडतं. रावेर-यावलकडे ठिबकच्या फिल्टरवर ग्लिसरीन भरलेली गेज असतात, पंपाच्या धडधडीतही काटा शांत. तेच गाडीला. डब्यात वर थोडी हवा ठेवायची, कारण आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ग्लिसरीन फुगतं. इंजिनापासून येणारी तांब्याची नळी काढून जाळीचा लवचिक होज, आणि इंजिनाच्या टोकाला बारीक भोकाचा निपल. तांबं हादऱ्याने कडक होऊन तडकतं आणि ऑइल मागच्या टायरवर येतं. तुमच्या निपलमुळे पंपाचे ठोके मंदावतात, आणि होज फुटलाच तरी ऑइल धारेने जात नाही. आरपीएम मीटरमध्ये मात्र ग्लिसरीन भरायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत. त्यात चुंबक फिरतं आणि शेजारची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते. मध्ये दाट द्रव आला की वाटी जास्त ओढली जाऊन आकडा खोटा येतो.

या वाटेने मोठमोठे गेलेत, नाना. नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये कमांडो आणली तेव्हा अख्खं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्मच रबरावर टांगला होता.

शेवटची तपासणी मी कधी विसरणार नाही. तुम्ही क्रँकबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावर पांढरी खूण केलीत, शटर ओढलंत आणि जुन्या चोकवाली ट्यूबलाइट लावलीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लखलखते. गाडी ३००० आरपीएमला आली आणि एका खुणेच्या समोरासमोर दोन खुणा होऊन जागेवर उभ्या राहिल्या. मीटरचा काटा बरोबर ३००० वर. ना लॅपटॉप, ना महागडं यंत्र.

कोइमतूरच्या करी ट्रॅकवर आमच्या रायडरला मोसमभर दोन्ही काटे वाचता आले. यंदा एका सेशनमध्ये प्रेशर खाली येताना त्याला वेळेवर दिसलं, त्याने क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. ऑइल पंपाची की (पंपाला दांड्याशी अडकवणारी खिट्टी) तुटली होती. इंजिन वाचलं, पोरगाही धडधाकट आहे. त्याच्या आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, घेणारही नाही, म्हणून एक काम मागतो. तुमच्याकडे गेज खोलायला शिकायचंय अशी दोन पोरं आमच्याकडे आहेत, एक आयटीआयचा आणि एक शेतकऱ्याचा. त्यांना रविवारी पाठवू का? बुशचं रबर उन्हात कडक होतं, ते दर मोसमाला बदलायचं काम त्यांच्याच हातून करून घ्या. आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई, आपली खानदेशची देवी, बसते. तिच्या रोटांच्या जेवणाला तुम्ही आणि काकू दोघांनी यायचंच आहे.

तुमचा,
देवपूरच्या गॅरेजमधला पोरगा